ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वारंवार तापतो, ऑइल वेळेआधी काळं पडतं: मोठ्या गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

तक्रार साधारण अशी असते. बस किंवा ट्रक लांब चढावर किंवा थांबत-सरकत चाललेल्या गर्दीत असताना गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागतो. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं उभी केली की दिवा जातो. वर्कशॉपमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलतात, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला काढलेलं ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं निघतं. मग कोणीतरी म्हणतं, बॉक्स उतरवा.

इतक्यात उतरवू नका. वारंवार तापणाऱ्या बॉक्सचं मूळ दुखणं बऱ्याचदा बॉक्सच्या बाहेर असतं: ऑइलची पातळी, कूलर, होज, न लागणारं लॉकअप (इंजिन आणि गिअर थेट जोडणारा क्लच), रिटार्डर (बॉक्समधला ऑइलवर चालणारा जादा ब्रेक), नाहीतर चालवण्याची सवय. आत क्लच प्लेटा जळालेल्या सापडतात हे खरं, पण त्या कशाने जळाल्या हे शोधलं नाही तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातात.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरकडे पोचवणारा भाग) असलेल्या बॉक्सबद्दल आहे. क्लच पेडल नाही म्हणून एएमटीलाही सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात, पण त्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते, फक्त ती दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्याचं ऑइल वेगळं आणि दोषही वेगळे.

किती तापलं म्हणजे जास्त

नेहमीच्या धावेत चेंबरमधलं, म्हणजे बॉक्सच्या तळाशी साठणारं, ऑइल साधारण ७० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहतं. चेंबरचं तापमान १२० च्या वर जाऊन तिथेच टिकलं तर गडबड आहे. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणारं ऑइल मात्र थोडा वेळ १५० पर्यंत जाऊ शकतं आणि रिटार्डर वापरताना त्याच्याही वर. म्हणून तुमचा काटा किंवा स्कॅनर नेमकं कुठलं तापमान दाखवतो ते आधी पाहा. कन्व्हर्टरच्या आउटलेटचे १३० अंश चेंबरचे समजून उगाच धावपळ होते, आणि उलट झालं तर धोका नजरेतून निसटतो.

वंगणाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे सतत ११० अंशांवर चालणारं ऑइल ९० अंशांवरच्या ऑइलच्या पाव आयुष्यातच संपतं. पुढची साखळीही ठरलेली: ऑइलमधून लाखेसारखा थर सुटून वॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागातल्या) वॉल्व्हवर बसतो, वॉल्व्ह अडखळतात, रबरी सील कडक होतात, दाब गळतो. कमी दाबाने क्लच प्लेटा घसरतात आणि घसरणाऱ्या प्लेटा आणखी उष्णता तयार करतात. प्लेटांवरचं अस्तर कागदी तंतू आणि रेझिनचं असतं. एकदा ते चकाकलं की नवीन ऑइल घालून त्याची पकड परत येत नाही.

पहिली पायरी: पातळी, आणि तीही गरम असताना

थंड गाडीचं गेज (ऑइल मोजायची पट्टी) बघून ऑइल पुरं केलेलं असणं, हे न सुटणाऱ्या तापण्याचं फार नेहमीचं कारण आहे. बॉक्समध्ये ३० लिटर ऑइल धरा. ३० अंशांवरून ९० अंशांवर जाताना ते सुमारे सव्वा ते दीड लिटर फुगतं. ऑइल थंड असताना गरम खुणेपर्यंत भरलं तर धावताना तेवढंच जास्त होतं. गिअरचे फिरते भाग त्यात बुडतात, ऑइल घुसळलं जाऊन फेसाळतं, फेसातली हवा पंपातून क्लचच्या पिस्टनमागे पोचते आणि दाब पडतो. उलट पातळी कमी असेल तर पंप चेंबरमधूनच हवा ओढतो. म्हणजे जास्त भरलेल्या आणि कमी भरलेल्या बॉक्सची लक्षणं जवळपास सारखीच दिसतात: तापणं, गिअर घसरणं, रेस वाढूनही गाडी न उचलणं. अंदाजाने अर्धा-एक लिटर टाकून बघू नका.

तपासायचं असं. थंड असताना फक्त इंजिन सुरू करण्याइतकं ऑइल आहे ना, एवढंच बघा. मग गाडी चालवून चेंबरचं ऑइल साधारण ७० ते ९० अंशांपर्यंत आणा. सपाट जागेवर उभी करा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडथळा) लावा. ब्रेक दाबून रिव्हर्स, ड्राइव्ह असे सगळे गिअर एकेकदा टाका म्हणजे आतल्या वाटा भरतात, आणि शेवटी न्यूट्रल. इंजिन स्लोवर चालू ठेवून दोन मिनिटं थांबा. गेजच्या तोंडाभोवतीची धूळ आधी पुसून घ्या. गेज पुसायला धागे सुटणारं फडकं नको, कारण एक धागासुद्धा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हच्या) बारीक जाळीत अडकतो. दोन वेळा रीडिंग घ्या. दोन्ही जुळली तरच ती खरी. पातळी गरम पट्ट्याच्या आत असली की पुरे, वरच्या खुणेला चिकटवायची गरज नाही.

ज्या बॉक्समध्ये पातळीचा सेन्सर आहे तिथे गिअर सिलेक्टरवरच उत्तर मिळतं. ॲलिसनच्या बटणवाल्या सिलेक्टरवर वरचा आणि खालचा बाण एकत्र दाबला की आधी आकडे उलटे मोजले जातात (ऑइल निथळायला दिलेली ती दोन मिनिटं) आणि मग पातळी ठीक, कमी की जास्त ते दिसतं. न्यूट्रल घेतलेलं नसेल, ऑइल पुरेसं गरम नसेल किंवा इंजिनचे फेरे बरोबर नसतील तर पातळीऐवजी त्याचा कोड येतो. तो बॉक्सचा बिघाड समजू नका.

गेजवरचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकून बघा. लालसर किंवा फिकट तपकिरी डाग पसरला तर ठीक. मध्ये काळा ठिपका राहून कडेला फक्त तेलकट वर्तुळ उमटलं तर अस्तराची भुकटी सुटलेली आहे. गेजवर बारीक बुडबुडे असतील तर पातळीचा किंवा पंपाच्या बाजूने हवा शिरण्याचा प्रश्न. दुधाळ, गुलाबी चिखलासारखं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: न्यूट्रलमधली चाचणी

हीच चाचणी पुढचा रस्ता ठरवते आणि तिला एक पैसा लागत नाही, तरी ती क्वचितच केली जाते. बॉक्स चांगला तापलेला असताना गाडी उभी करा, न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, आणि इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर धरा. न्यूट्रलमध्ये कन्व्हर्टरवर भार नसतो, त्यामुळे नवी उष्णता जवळजवळ तयार होत नाही आणि पंप व पंखा मात्र जोरात चालू राहतात. दोन-तीन मिनिटांत ऑइलचं तापमान कूलंटच्या तापमानाजवळ उतरायला हवं.

उतरलं, तर कूलिंगची वाट धडधाकट आहे. उष्णता गाडी धावताना जास्त तयार होते आहे. लॉकअप, रिटार्डर, घसरणाऱ्या प्लेटा आणि चालवण्याची पद्धत इकडे वळा.

उतरलं नाही, तर कूलर, होज, कूलंट, किंवा कन्व्हर्टरमधला जाम झालेला स्टेटर (ऑइलचा प्रवाह वळवणारं मधलं चाक). कूलर आणि होज आधी, कारण ते बाहेर आहेत.

कूलर आणि होज

बहुतेक मोठ्या गाड्यांत ऑइलचा कूलर कूलंटवर चालतो, म्हणजे इंजिनचं पाणीच गिअरबॉक्सची उष्णता घेऊन जातं. इंजिन ९८ अंशांवर चालत असेल तर गिअरबॉक्स ९० वर येणं शक्य नाही. म्हणून आधी इंजिनकडे बघा: थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का, फॅन क्लच गरम झाल्यावर पकडतो का, कूलंटची पातळी आणि प्रमाण बरोबर आहे का.

रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो म्हणून पुढे जाऊ नका. खरा कचरा चार्ज एअर कूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत असतो. धूळ, पिसं, पाल्याचा चुरा तिथे नमद्यासारखा दाबून बसतो. दोन्ही कोअर वेगळे करून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने पाणी मारा. जवळून जोराचा फवारा मारला की फिन दुमडतात आणि कचरा काढण्याच्या नादात हवेची वाटच बंद होते.

होज फसवतात. बाहेरून धट्टाकट्टा दिसणाऱ्या होजचा आतला थर सुटून पडद्यासारखा वाटेत येतो. रिकामी असताना फुंकर आरपार जाते आणि ऑइलचा प्रवाह मात्र अडतो. इन्फ्रारेड गनने कूलरच्या ऑइल इनलेट आणि आउटलेटचं तापमान मोजा. चकचकीत धातूवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून फिटिंगवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याच्यावर नेम धरा. गाडी भाराखालून आल्याआल्या दोन्हींत फरकच नसेल तर कूलर उष्णता घेत नाही: आत थर बसला आहे किंवा कूलंट वाहत नाही. फरक फार मोठा असून चेंबर तरीही तापत असेल तर ऑइल फार हळू वाहतं आहे. होज, कूलरची आतली वाट किंवा चोक झालेला फिल्टर, यापैकी काहीतरी आहे.

आता ते दुधाळ ऑइल. कूलरची आतली भिंत फुटली की कूलंट ऑइलमध्ये येतं. त्यातलं ग्लायकॉल अस्तर धरून ठेवणाऱ्या चिकटद्रव्यावर हल्ला करतं आणि अस्तर पोलादी प्लेटेवरून सुटतं. इथे ऑइल दोनदा-तीनदा बदलून भागवणं म्हणजे बॉक्स थोड्या उशिरा मारणं. बॉक्स उघडून धुवायचा, अस्तराच्या सगळ्या प्लेटा बदलायच्या, कूलर नवा. शंका असेल तर ग्लायकॉल ओळखणारं किट मिळतं, किंवा ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. निव्वळ पाणी, म्हणजे ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या नळीतून) किंवा गेजच्या नळीतून शिरलेलं, हे प्रकरण त्या मानाने सौम्य, पण तेही चालवून घेण्यासारखं नाही.

लॉकअप लागतं आहे का

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात फक्त ऑइलचा दुवा असतो. दोघांच्या फेऱ्यांत जितका फरक, तितकी उष्णता. लॉकअप क्लच लागला की हा फरक शून्य होतो. वेगात धावणाऱ्या गाडीत लॉकअप लागतच नसेल तर चालकाला काही खटकत नाही, पण डिझेल जास्त जातं आणि ऑइल मात्र तासन् तास शिजत राहतं.

ओळखायचं सोपं आहे. वरच्या गिअरमध्ये एकाच वेगाने जाताना ॲक्सिलरेटर किंचित दाबा. गाडीचा वेग न वाढता इंजिनचे फेरे दोन-तीनशेने वर गेले तर लॉकअप सुटलेलं आहे. स्कॅनर असेल तर इंजिनचे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरमधल्या गिअरकडच्या चाकाचे) फेरे शेजारी ठेवा. लॉकअपमध्ये दोन्ही आकडे सारखे हवेत. दर काही सेकंदांनी ३०-५० चा फरक येऊन जात असेल तर लॉकअप प्लेट घसरते आहे.

न लागण्यामागे सोलेनॉइड असू शकतो, झिजलेली प्लेट असू शकते, पण आधी ब्रेकचा स्विच बघा. काही गाड्यांत ब्रेक दाबल्याचा सिग्नल आला की लॉकअप सोडलं जातं. स्विच अडकून तो सिग्नल कायम राहिला तर बॉक्स निर्दोष असूनही लॉकअप मिळत नाही. मागचे ब्रेकचे दिवे विनाकारण पेटलेले आहेत का हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

लांब चढावर ड्राइव्हमध्येच ठेवल्यामुळे बॉक्स दोन गिअरांमध्ये वर-खाली करत बसला तर लॉकअपही दर वेळी सुटतं आणि लागतं. अशा चढावर सिलेक्टरने खालचा गिअर धरून ठेवा. फेरे थोडे वाढतील, पण लॉकअप टिकेल आणि वाढलेल्या फेऱ्यांमुळे पाण्याचा पंप व पंखाही जोरात चालतील.

रिटार्डर

रिटार्डर गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता आधी ऑइलमध्येच टाकतो. १६ टनांची बस ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा निघते. ती सगळी ३० लिटर ऑइलमध्ये गेली आणि बाहेर पडलीच नाही, तर ऑइल एका थांब्यातच ४० अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात काही वाटा चाकांच्या ब्रेककडे जातो आणि बराचसा कूलर उचलतो. पण अर्धवट चोक झालेला कूलर एरवी चालून जातो आणि रिटार्डर लागला की लगेच उघडा पडतो, तो यामुळेच.

उतारावर खालचा गिअर घेऊन फेरे चढते ठेवा, नाहीतर रिटार्डर उष्णता ओततो आणि पाण्याचा पंप रेंगाळतो. बॉक्स फार तापला की कंट्रोलर स्वतःहून रिटार्डरचा जोर कमी करतो. चालकाची तक्रार मात्र "रिटार्डर धरत नाही" अशी येते आणि मेकॅनिक रिटार्डर उघडून बसतो. आधी तापमान बघा.

दुसरा प्रकार उलटा: रिटार्डर पूर्ण सुटतच नाही. सपाटीवर ॲक्सिलरेटर सोडल्यावर, रिटार्डर बंद असूनही, गाडी ओढल्यासारखी मंदावत असेल तर त्याचा हवेचा वॉल्व्ह आणि नळ्या तपासा.

ऑइल बदलताना होणाऱ्या चुका

ड्रेन प्लग काढून जे बाहेर येतं ते सगळं ऑइल नसतं. कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राहतो. ६० टक्के निघालं असं धरलं तर एका बदलानंतर ४० टक्के जुनं ऑइल आतच आहे. दुसऱ्या बदलानंतर १६ टक्के उरतं, तिसऱ्यानंतर साडेसहाच्या आत. म्हणून जळकं ऑइल असलेल्या बॉक्सला एकच बदल पुरत नाही. बदल, थोडे दिवस धाव, पुन्हा बदल, असं करावं लागतं. याला पर्याय म्हणून बाहेरून दाबाने फ्लश मारण्याचा मोह टाळा. बसलेला गाळ सुटून वॉल्व्ह बॉडीत जाऊन बसतो.

ऑइल कोमट-गरम, साधारण ५० ते ६० अंशांवर असताना काढा आणि अर्धा तास निथळू द्या. निघालेलं मापून ठेवा. आधी तेवढंच भरा, अधिक फिल्टरमधलं, आणि मग गरम पातळी बघून पुरं करा. जुन्या फिल्टरची ओ-रिंग खाचेत चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली की काही दिवसांत गळती. खाच बोटाने चाचपून बघा.

चुंबकावरची करडी, बोटांत चोळल्यावर न टोचणारी पेस्ट ही साधी झीज आहे. टोचणारे कण, चकत्या, पिवळट पितळी चुरा (बुशचा) किंवा काळे तंतू (अस्तराचे) असतील तर मात्र बॉक्स उतरवण्याची वेळ आली आहे. फिल्टर फेकण्याआधी कापून त्याच्या घड्या उलगडा. चुंबकाला न चिकटणारं सगळं तिथेच सापडतं.

ऑइल फक्त बॉक्स बनवणाऱ्याने मान्य केलेल्या प्रतीचंच. रंग लाल आहे म्हणून चालणार नाही, कारण प्लेटांची पकड ऑइलमधल्या रसायनावर ठरते. ऑइलची मुदत पुस्तिकेतूनच घ्या, पण तिचा शहरी थांब्यांचा, रिटार्डरचा आणि जड भाराचा रकाना वाचा. महामार्गाचा रकाना वाचून शहर बस चालवणं ही नेहमीची चूक आहे. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या बॉक्सचा पहिला फिल्टर लवकर काढावा लागतो. तोही पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो.

बदलानंतर गिअर झटके मारू लागले तर घाबरू नका. जुन्या, झिजलेल्या ऑइलप्रमाणे कंट्रोलरने शिकून ठेवलेले दाब अजून तसेच असतात. स्कॅनरने ते पुसून पुन्हा शिकवण्याची धाव घ्या. तरीही झटके राहिले तर बॅटरीचा व्होल्टेज, बॉक्सची अर्थिंगची वायर आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) कनेक्टरमध्ये झिरपलेलं ऑइल एवढं बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच दोष येत असेल तर तो जवळजवळ नक्की कनेक्टरचा.

चालकाशी बोलायच्या गोष्टी

चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून उभं राहणं सगळ्यात महाग पडतं. इंजिन फिरतं, टर्बाइन थांबलेली, सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. ब्रेक लावा. लांब थांब्यावर न्यूट्रल घ्या. धावत्या गाडीत न्यूट्रल कधीच नाही: परत ड्राइव्ह घेताना मोठा वेगफरक प्लेटांना एका क्षणात गिळावा लागतो. रिव्हर्स टाकायचा तर चाकं पूर्ण थांबल्यावर, इंजिन स्लोवर आल्यावर.

बंद पडलेली गाडी ओढून न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा किंवा एक्सल शाफ्ट काढा. ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाकं बॉक्सचे भाग कोरडे फिरवतात. तापण्याने जे महिन्यांत होतं ते यात काही किलोमीटरमध्ये होतं.

तरीही तापतो आहे

आता स्टॉल टेस्ट: ब्रेकने गाडी धरून, गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिनचे फेरे कुठवर चढतात ते बघायचं. ही प्रशिक्षित माणसाने, पुस्तिकेत परवानगी असेल तरच, गाडीसमोर कोणी उभं नसताना, चाकांना ओट आणि दोन्ही ब्रेक लावून करायची. फेरे स्थिर होताच सोडायची, काही सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि लगेच न्यूट्रलमध्ये बॉक्स थंड करायचा. फेरे ठरलेल्या आकड्यापेक्षा दीडशेहून जास्त वर गेले तर प्लेटा घसरत आहेत किंवा ऑइल कमी आहे. थोडे खाली राहिले तर इंजिनच अशक्त आहे. जवळपास एक तृतीयांशाने खाली राहिले तर स्टेटर उलटा मोकळा फिरतो आहे. स्टेटर जाम असेल तर स्टॉल बरोबर येतो, गाडी उचलतेही छान, पण वेगात दम लागतो आणि न्यूट्रलमध्येही ऑइल थंड होत नाही. दोन्ही बाबतीत कन्व्हर्टर काढावाच लागतो.

बॉक्स उतरवून नवा भरला तर जुना कूलर तसाच जोडू नका. आधीच्या बॉक्सचा चुरा त्याच्या पातळ वाटांमध्ये अडकलेला असतो आणि गरम ऑइलबरोबर सुटून थेट नव्या बेअरिंगांवर येतो. प्लेट प्रकारचा कूलर धुऊन खात्रीने स्वच्छ होत नाही, तो बदला. होजही बदला. काही कारणाने कूलर बदलता आला नाही तर परतीच्या वाटेवर वेगळा फिल्टर लावा, पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तो कापून बघा, आणि चुरा दिसला तर कूलर येईपर्यंत गाडी उभी ठेवा.